कोकणातून रिंगच्या कुस्तीकडे: परवडणारी शाळा कशी निवडायची

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. वय १९, उंची पाच फूट नऊ इंच, वजन ६८ किलो, बारावी झालेली, शाळेत असताना कबड्डी खेळायचा. टीव्हीवर दिसते ती रिंगमधली व्यावसायिक कुस्ती त्याला शिकायची आहे. घरची थोडी हापूसची कलमं आहेत आणि वडील एक लाखापर्यंत खर्च करायला तयार आहेत. त्याचा प्रश्न एवढाच: सगळ्यात स्वस्त शाळा कोणती?

तू वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. आणि तुझा प्रश्न थोडा बदलून घेतो. शाळेची फी किती हे विचारण्याआधी रिंगमधला एक तास तुला कितीला पडतो ते काढ.

समजा दोन शाळा आहेत. दोन्हीकडे तीन महिन्यांचा वर्ग, आठवड्याला सहा दिवस, रोज दोन तास आणि रिंग एकच. पहिलीची फी ३०,००० आणि मुलं चाळीस. दुसरीची फी ४५,००० आणि मुलं बारा. रिंगमध्ये एका वेळी एक जोडी सराव करते. चाळीस मुलांच्या वीस जोड्या झाल्या, म्हणजे १२० मिनिटांत प्रत्येक जोडीला सहा मिनिटं मिळाली. बारा मुलांच्या सहा जोड्या, प्रत्येकीला वीस मिनिटं. तीन महिन्यांचे ७२ दिवस धरले तर पहिल्या शाळेत तू सगळे मिळून सात तास रिंगमध्ये असशील, दुसऱ्या शाळेत चोवीस तास. पहिलीचा तास चार हजारांच्या वर गेला, दुसरीचा एकोणीसशेच्या आत राहिला. स्वस्त वाटलेली शाळा दुपटीहून महाग निघाली. म्हणून फोनवर पहिला प्रश्न फीचा नको. एका वर्गात मुलं किती, रिंग किती आणि शिकवणारे किती, हे आधी विचार. पंधरा मुलांमागे एक शिकवणारा यापेक्षा विरळ प्रमाण असेल तर सुरुवातीच्या मुलानं तिथं जाऊ नये, कारण या विद्येत चूक जागच्या जागी पकडावी लागते.

ती चूक म्हणजे पडण्यातली चूक. शाळा पारखायची ती इथेच.

मातीतल्या पैलवानाचं सगळं अंग पाठ वाचवायला शिकलेलं असतं. डाव बसला तरी तो हवेत वळतो, पोटावर येतो, पूल करतो (डोकं आणि पाय टेकवून पाठ वर उचलतो), काहीही करतो पण पाठ लावू देत नाही, कारण पाठ लागली की चितपट. रिंगमध्ये नेमकं उलटं आहे. तिथं आपण होऊन पाठ द्यायची असते, सपाट, दोन्ही खांद्यांच्या पात्यांवर एकदम. याला बंप म्हणतात. तो असा शिकवला गेला पाहिजे: आधी उकिडवं बसून, मग अर्ध्या बैठकीतून, मग उभ्यानं. हनुवटी छातीला टेकलेली, नजर स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यावर, दात मिटलेले, जीभ आत. दोन्ही हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, तळवे खाली, आणि पाठ टेकते त्याच क्षणी तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा हात रिंगवर आपटायचा. श्वास बाहेर सोडायचा. आघात जितक्या मोठ्या जागेवर पसरेल तितका कमी लागतो, एवढंच त्यामागचं शास्त्र.

बिघडतं ते तीन ठिकाणी. घाबरलेला मुलगा पडताना हात मागे टेकवतो, मनगट मोडतं. कोपर आधी टेकलं तर धक्का थेट खांद्यात जातो आणि खांदा निखळतो. तिसरी चूक सगळ्यात वाईट: दमल्यावर मानेचे स्नायू ढिले पडतात, हनुवटी सुटते आणि डोक्याची मागची बाजू रिंगवर आदळते. म्हणूनच चांगला शिकवणारा नवीन मुलाला बंप वर्गाच्या सुरुवातीला देतो, अंग गरम झाल्यावर पण दम शिल्लक असताना. पहिल्या दिवशी जाड गादीवर दहा-पंधरा, पुढे हळूहळू रिंगवर. 'आमच्याकडे पहिल्याच दिवशी शंभर बंप घेतात' असं कोणी अभिमानानं सांगितलं, तर आभार मानून फोन ठेव.

पैसे भरण्याआधी एक पूर्ण वर्ग बाजूला बसून बघ. वर्ग बघू देत नाहीत तिथं प्रवेश घेऊ नये, यात तडजोड नको. बघताना शिकवणाऱ्याकडे कमी आणि सगळ्यात कच्च्या मुलाकडे जास्त लक्ष दे. तो चुकीचा पडला तर कोणी थांबवतं का? 'डोकं गरगरतंय' असं एखाद्यानं म्हटलं तर त्याला बसवतात की हसतात? डोक्याला मार लागल्यावर त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये नाही, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दुसऱ्या दिवशीही नाही, हा नियम ज्या शाळेत पाळला जात नाही तिची फी शून्य असली तरी ती महागच.

शिकवण्याचा क्रमही बघ. साधारणपणे कोलांट्या, मग बंप, मग दोरांवर धावणं, मग लॉकअप म्हणजे मान आणि कोपर धरून होणारी पहिली पकड, मग हेडलॉक म्हणजे समोरच्याचं डोकं बगलेत धरणं, हात पिरगळणं, आणि त्यानंतर उचलून टाकण्याचे डाव. दोरांवर धावणं टीव्हीवर सोपं दिसतं, पण पावलं मोजलेली असतात आणि वरचा दोर हातानं धरून पाठ द्यायची असते. नाहीतर बरगडीखाली काळेनिळे वळ उठतात किंवा माणूस दोरांमधून बाहेर जातो. अमेरिकी पद्धतीत पकडी डाव्या बाजूला होतात, डावा हात, डावा पाय, डाव्या बगलेत हेडलॉक. मेक्सिकोत उजव्या बाजूला. दोन अनोळखी पैलवान न बोलता एकमेकांना सांभाळू शकतात ते अशा ठरलेल्या रिवाजामुळे. शिकवणाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात ही बाजू समजावली नाही, तर तो स्वतः अर्धवट शिकला आहे असं समज.

शिकवणारा किती प्रसिद्ध आहे याला मी फार महत्त्व देत नाही. त्याच्या हाताखाली वर्ष काढलेली मुलं आज कुठं लढतात ते विचार, आणि त्यांच्या दोन-तीन लढती बघ. जोडीदाराला उचलल्यावर खाली ठेवेपर्यंत त्यांचा हात त्याच्या मानेमागे किंवा पाठीला असतो का? तेवढ्यावरून शाळा कळते.

आता रिंग. चांगली रिंग सहसा १६ ते २० फूट चौरस असते. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या किंवा प्लायवूड, वर साधारण इंचभर फोम आणि त्यावर ताणलेलं कॅनव्हास. कडेचं कॅनव्हास उचलून बघायला परवानगी माग. फळ्यांना चिरा आहेत का, दोन फळ्यांत फट आहे का, फोम चुरगळून पत्र्यासारखा झाला आहे का? मग टाचेनं दाबत रिंगभर चाल. सगळीकडे थोडा लवचिकपणा जाणवला पाहिजे. काही ठिकाणी एकदम दगडासारखं लागलं तर तिथं खाली तुळई आहे आणि फोम संपला आहे. दोर काही ठिकाणी खरे दोरखंड असतात, तर काही ठिकाणी रबरी नळीत घातलेली पोलादी तार. तार असेल तर नळी कुठं फाटून तारेचे धागे बाहेर आलेत का ते हात लावून पाहा. कोपऱ्यातले टर्नबकल, म्हणजे दोर खांबाला ताणून धरणारे स्क्रू, उशीनं पूर्ण झाकलेले हवेत. सिमेंटच्या जमिनीवर पातळ मॅट टाकून 'रिंग पुढच्या महिन्यात येते' असं सांगणाऱ्यांकडे पैसे भरू नयेत.

आपल्या किनाऱ्यावर कोणी रिंग लावली तर आणखी एक काळजी. खाऱ्या हवेनं लोखंड वर्षभरात पोखरतं. वरून रंग मारलेला असला तरी बोल्टचे आटे आणि टर्नबकलचा स्क्रू खाऊन जातो. जत्रेच्या किंवा महोत्सवाच्या मैदानावर जांभ्याच्या ओबडधोबड जमिनीवर रिंग उभी केली असेल, तर चारही खांब समपातळीत आहेत का आणि खाली लाकडाचे ठोकळे नीट बसले आहेत का ते बघितल्याशिवाय चढू नकोस. पावसाळ्यात बंद हॉलमधल्या मॅटला आणि फोमला बुरशी धरते, मग मुलांच्या अंगावर नायटा फिरत राहतो. रोज पुसतात का, कशानं पुसतात हेही विचार. वास घेतला तरी कळतं.

कोकणात नियमित चालणारी रिंगच्या कुस्तीची शाळा शोधत बसण्यात वेळ घालवू नकोस. देशात सगळ्यांना माहीत असलेली शाळा म्हणजे जालंधरची कॉन्टिनेन्टल रेसलिंग एन्टरटेनमेंट, दलीप सिंग राणा म्हणजे द ग्रेट खली यांनी २०१५ मध्ये काढलेली. हरियाणाची कविता दलाल तिथं शिकली आणि २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या रिंगच्या कुस्तीच्या मोठ्या अमेरिकी कंपनीच्या मे यंग क्लासिक या महिलांच्या स्पर्धेत उतरली. डब्ल्यूडब्ल्यूईत लढलेली ती पहिली भारतीय महिला. पण तिच्याबद्दलची दुसरी गोष्ट तुझ्या जास्त कामाची आहे: ती आधी वेटलिफ्टर होती, २०१६ च्या दक्षिण आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवलेली. म्हणजे शाळेत गेली तेव्हा अंग तयार होतं. जालंधर असो की दुसरी कुठली शाळा, वर सांगितलेल्या सगळ्या कसोट्या तिलाही लाव, आणि चालू फी, राहण्याची सोय, पैसे परत मिळण्याचा नियम हे लेखी मागून घे.

डब्ल्यूडब्ल्यूईचं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र अमेरिकेत ऑर्लँडोला आहे, २०१३ पासून. तिथं फी भरून प्रवेश मिळत नाही. ते चाचणी घेऊन माणूस निवडतात आणि करार करून त्यालाच पैसे देतात. २०१९ मध्ये अशी चाचणी मुंबईत झाली होती. तेव्हा 'डब्ल्यूडब्ल्यूईत घालतो, एवढे भरा' म्हणणारा माणूस फसवतोय, यात शंका ठेवू नकोस.

तुझं ६८ किलो वजन आणि कबड्डीची सवय हा पाया बरा आहे, पुरेसा नाही. बाहेरगावी तीन महिन्यांचे पैसे भरायचे आणि त्यातला पहिला महिना नुसता दम वाढवण्यात घालवायचा, ही सगळ्यात मोठी उधळपट्टी. ते काम घरी जवळजवळ फुकट होतं. कबड्डी सोडू नकोस. झेप, पकड आणि पडून झटकन उठणं तिथं आहेच. जवळपास जूदोचा वर्ग असेल तर किमान तीन महिने कर. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी केलीस तर कुठं चालतो ते कळेल. जूदोतलं हात आपटून पडणं रिंगच्या बंपच्या सगळ्यात जवळचं आहे आणि त्याची फी सहसा खिशाला झेपते.

त्यानंतर तीन-चार महिने कोल्हापूरच्या तालमीत काढता आले तर फार उत्तम. फोंडा घाटानं किंवा गगनबावड्यावरून गेलास तर एका दिवसात पोचतोस. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या जुन्या तालमी. वस्तादांना आधी भेटून, वडिलांना सोबत घेऊन जा आणि काय शिकायचं आहे ते खरं सांग. तालमीत खर्च फीचा नसतो, खुराकाचा असतो. जोर, बैठका, मातीतली धर-पकड यांनी मान, कंबर आणि पंजा असा तयार होतो की रिंगच्या शाळेत तुला वेगळं ओळखतील. फक्त तिथली एक सवय पुढे मोडावी लागेल हे लक्षात ठेव: समोरच्याला खरोखर पाडण्याची. रिंगमध्ये जोडीदाराचं अंग तुझ्या ताब्यात दिलेलं असतं आणि ते धड परत करायचं असतं.

मानेसाठी रोज पाच मिनिटं पुरतात. तळहात कपाळाला लावून डोकं पुढे रेटायचं, हातानं अडवायचं, दहा सेकंद. असंच मागे, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येकी पाच वेळा. पूल कोणी जाणत्यानं शिकवल्याशिवाय करू नकोस.

किनाऱ्यावर धावायला, बैठका मारायला कोरडी वाळू छान, पिंढऱ्या आणि घोटे घट्ट होतात. पण पडण्याचा सराव पुळणीवर अजिबात नको. ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू दिसते मऊ आणि असते सिमेंटसारखी. घराच्या अंगणात पेंढा पसरून मित्राला उचलून टाकणंही नको, पेंढा सरकतो आणि खाली जमीन असते. असल्या घरगुती सरावात वाईट अपघात होऊ शकतात, कारण तिथं थांबवणारं कोणी नसतं.

खाण्याचा हिशेबही घरीच बसव. तुझ्या वजनाला रोज साधारण ११० ग्रॅम प्रथिनं लागतील. एका अंड्यात सहा ग्रॅम, बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात एकोणीस-वीस, शंभर ग्रॅम कुळथात बावीसच्या आसपास. बांगडा आणि तारली मिळते तोवर डब्यातल्या पावडरीवर पैसे घालू नकोस. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडी, कुळीथ आणि सुकट.

एक गोष्ट तू सिंधुदुर्गातला आहेस म्हणून मुद्दाम सांगतो. रिंगच्या कुस्तीत निकाल ठरलेला असतो, पण मधलं बरंचसं जागेवर सुचवावं लागतं आणि समोरच्या माणसांना धरून ठेवावं लागतं. तुझ्याकडे दशावतार आहे. लिहिलेली संहिता नाही, संवाद उत्स्फूर्त, देव जिंकणार आणि राक्षस हरणार हे सगळ्यांना माहीत, तरी माणसं पहाटेपर्यंत मांडीवर पोर घेऊन बसतात. पुढच्या जत्रेत राक्षसाचं काम करणाऱ्याकडे बघ. तो रंगमंचावर किती हळू येतो, कुठं थांबतो, मार खाल्ल्यावर शेवटच्या रांगेला कळेल असा कसा कोसळतो. शाळेत याला सेलिंग म्हणतात आणि ते शिकवायला महिने जातात.

आता लाखाचा हिशेब. पायाभरणी आणि तालमीचा खुराक यासाठी १०,००० ठेव. कोल्हापूरला राहणं लांबलं तर तेवढं घरून धान्य, कुळीथ घेऊन जा. तपासण्या, लस, दातांचं गार्ड, गुडघ्याच्या पट्ट्या आणि कुस्तीचे साधे बूट यांना १०,०००. झगमगीत पोशाख पहिल्या वर्षी नको. शाळेची फी, राहणं, जेवण आणि जाण्याचं तिकीट मिळून ६५,०००, त्यापेक्षा एक रुपया वर गेला तर शाळा तुझ्या आवाक्याबाहेर आहे. उरलेल्या १५,००० ना हात लावायचा नाही. ते एमआरआय, डॉक्टर आणि अर्ध्यातून घरी यायच्या तिकिटासाठी. ज्याच्याकडे परतीचे पैसे नसतात तो दुखरा खांदा घेऊन रिंगमध्ये चढत राहतो. अपघात विमा काढताना व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली आहे का ते कागदावर वाच. बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते.

पैसे एकरकमी भरू नकोस, महिन्याच्या हप्त्यांनी भर. मूळ गुणपत्रिका किंवा आधार कार्ड कोणाकडे ठेवायला देऊ नकोस, झेरॉक्स दे. करार पुढे ठेवला तर घरी आणून वाच. 'पुढची इतकी वर्षं आमच्याशिवाय कुठं लढायचं नाही' असं कलम असेल आणि त्या बदल्यात ठरलेला पगार नसेल, तर सही नको. रिंग बांधायला-सोडायला लावतात, ते मात्र आनंदानं कर. रिंग कशी उभी राहते हे त्यातूनच कळतं. कोणी इंजेक्शन किंवा गोळ्या सुचवल्या की तिथून निघ. तुझ्यासारखी एखादी मुलगी हे वाचत असेल तर तिनं स्वतंत्र कपडे बदलायची खोली, राहण्याची वेगळी सोय आणि वर्गात किमान एक महिला शिकवणारी किंवा अनुभवी महिला पैलवान आहे का हे स्वतः जाऊन पाहावं, फोनवरच्या शब्दावर जाऊ नये.

दमट हवेत किंवा कडक उन्हात नव्या मुलांकडून एकदम पाचशे बैठका काढून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. सवय नसताना हे केलं तर स्नायू अक्षरशः फुटतात आणि त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर आराम, मालीश, लिंबूपाणी यात वेळ न घालवता त्याच तासाला दवाखाना गाठ. घरूनच दर आठवड्याला थोड्या वाढवत दोनशे-अडीचशेपर्यंत बैठका गेल्या असतील तर हा धोका बराच कमी होतो.

पदवीचं शिक्षण सोडू नकोस. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून ते चालू ठेवता येतं. आपल्याकडे या कुस्तीचे कार्यक्रम अजून तुरळक आहेत आणि पैसे लढतीमागे मिळतात. पहिली दोन-तीन वर्षं त्यावर घर चालणार नाही हे वडिलांनाही आजच सांग.

जाण्याची वेळ म्हणशील तर गणपती झाले की. सप्टेंबर ते नोव्हेंबर पंजाबात कडक गारठा नसतो. डिसेंबर-जानेवारीत गेलास तर कोकणातल्या अंगाला तिथला गारठा झेपत नाही, अंग गरम व्हायलाच अर्धा तास जातो आणि थंड स्नायू पटकन तुटतात. शिवाय मोहोराच्या फवारणीला आणि पुढे आंबा उतरवायला तू घरी असशील, म्हणजे वडिलांना गडी लावायचा खर्च नाही.

पण एक काम लगेच करायचं आहे. रिंगमध्ये ओठ, भुवई फुटते, एकाचं रक्त दुसऱ्याला लागतं. म्हणून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तपासण्या करून घे, आणि जी शाळा प्रवेशाला हे अहवाल मागत नाही तिथल्या बाकी मुलांचेही कोणी पाहिलेले नसणार हे समज. हिपॅटायटिस बीची लस लहानपणी घेतली असेल तर कार्ड शोधून डॉक्टरांना दाखव. नसेल तर तिचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याभरानं दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. सप्टेंबरात निघायचं असेल तर पहिला डोस मार्चच्या आत पडायला हवा. धनुर्वाताचं इंजेक्शनही त्याच फेरीत घेऊन टाक.